घरी चालतो, शेतात बंद पडतो: अंगावरच्या लिलिपॅडच्या पॉवरची भानगड

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो. कपड्यावर शिवलेला लिलिपॅड, म्हणजे लाईट चालवणारा बोर्ड, मधेच रिसेट होत असेल, लाईट आपोआप लालसर पडत असतील, किंवा सगळं मरून जातंय आणि बॅटरी काढून परत लावली की काही झालंच नाही असं चालू होतंय, तर बोर्ड फेकू नका आणि कोडही परत परत लिहीत बसू नका. लाईट चालू असताना बोर्डाच्या प्लस आणि मायनस पाकळीवर (कडेच्या भोकावर) मल्टिमीटर लावा. बॅटरीवर नाही, बोर्डावर. आणि लाईट बंद असताना नाही, चालू असताना. मी हे काम सहा महिने उशिरा केलं, त्यात एक बोर्ड जाळला, एक बॅटरी फुगवली आणि आबांचं एक जाकीट भोकाचं केलं, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आमचं गाव रावेर तालुक्यात, शेत बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडच्या पलीकडे, सगळी केळी. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीला आबा एक-दीड वाजता मोटर चालू करायला आणि ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला निघतात, वय त्रेसष्ट, हातात टॉर्च असते पण ती खाली धरलेली, आणि रोडवर केळीचे ट्रक जे येतात त्यांना बाजूने चालणारा माणूस दिसतच नाही. म्हणून दिवाळीत ठरवलं की आबांच्या बिनबाह्यांच्या जाकिटाला पुढे चार मागे चार लाईट लावायचे, लाल, लुकलुकणारे. रेट्रो टेप तर लावलीच होती, पण ती हेडलाईट पडल्याशिवाय चमकत नाही, आणि इथे अर्ध्या ट्रॅक्टरांना हेडलाईटच नसतात तो वेगळाच विषय.

बोर्ड घेतला लिलिपॅड. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, हा गोल, जांभळा, कडेने भोकाच्या पाकळ्या असलेला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड, आहे, लिया बुएकली यांचं मूळ डिझाईन, २००७ पासून बाजारात आहे आणि आता त्याच्या नकला भरपूर मिळतात. पाकळ्यांच्या भोकातून वीज वाहणारा दोरा ओवून कपड्यावर शिवायचा, सोल्डर नको. ह्याच्या साध्या मेन बोर्डाची एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण अर्धी भानगड तिथूनच आहे: ह्याच्यावर व्होल्टेज रेग्युलेटर नाही. जे द्याल ते थेट चिपला जातं. चालायला २.७ ते ५.५ व्होल्ट. त्याच्या खाली गेला की चिप स्वतःला रिसेट करते, वर गेला की जाते. लाईट म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी, एकातच लाल-हिरवा-निळा असलेले एलईडी, त्यांना कागदावर ३.५ ते ५.३ व्होल्ट लागतात.

आता पहिली चूक. मी लावला नाण्यासारखा सेल, सीआर२०३२. दिसायला छान, पातळ, वजन नाही. बटण दाबलं, लाईट लागले, आबा खूष, आई म्हणाली गणपतीच्या मखरासारखं दिसतंय. चार-पाच मिनिटांनी लाईट मंद, मग बोर्ड सुरू-बंद, सुरू-बंद. सेल काढून मीटरवर धरला तर ३.०२ व्होल्ट! म्हणलं सेल तर चांगला आहे, बोर्डच खराब. दुसरा बोर्ड मागवला. तोही तसाच. पैसे गेले ते असे.

भानगड अशी की ह्या सेलमध्ये असतात सुमारे २२० मिलीअँप-तास, पण ते थेंबथेंब द्यायचे, घड्याळाला, रिमोटला, वजनकाट्याला. सेलच्या आतलाच रेझिस्टन्स १०-२० ओम असतो आणि सेल उतरत जातो तसा तो अजून वाढतो. माझे आठ लाईट मंद लाल ठेवून बोर्डासकट ६० मिलीअँपच्या आसपास ओढत होते. १५ ओम धरा, ०.०६ अँपने गुणा, ०.९ व्होल्ट सेलच्या पोटातच गेले. नंतर अक्कल आल्यावर लाईट चालू ठेवून बोर्डावर मोजलं तर २.२ दाखवत होता. बोर्ड २.७ च्या खाली रिसेट होतो, रिसेट झाला की लाईट विझतात, लाईट विझले की सेलवरचा भार जातो आणि व्होल्टेज परत वर येतं, बोर्ड जागा होतो, लाईट लावतो, परत झोपतो. हेच ते सुरू-बंद. मीटरला काहीच ओढायचं नसतं म्हणून तो नुसत्या सेलला ३.०२ म्हणतो, त्यात मीटरची चूक नाही.

सोपी खूण सांगतो, मीटर जवळ नसेल तर. हे लाईट पांढरे करून बघा. पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही एकदम. निळ्या-हिरव्याला ३ व्होल्टच्या जवळपास लागतात, लालला २ पुरतात. त्यामुळे पॉवर बसायला लागली की निळा आधी हार मानतो आणि पांढरा लाईट पिवळट, मग लालसर होत जातो. एखाद्याच टोकाचे लाईट लालसर दिसले तर पॉवर तिथपर्यंत पोचत नाहीये, सगळेच झाले तर बॅटरी.

एक एलईडी, तोही साधा, रेझिस्टर लावून, लहानसा ब्रोच वगैरे असेल तर नाण्याचा सेल ठीक आहे. ह्या रंगीत लाईटच्या माळेला नाही म्हणजे नाही. आणि घरात लहान मूल असेल तर हे सेल असेच ड्रॉवरमध्ये टाकू नका, स्क्रूने बंद होणारा होल्डर घ्या. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासात आतून भाजतं, आणि बाहेरून मूल नुसतं चिडचिडं वाटतं. शंका आली तरी थेट दवाखाना, एक्स-रे काढायला सांगा, उलटी करवू नका. माझी भाची टेबलावरचं सगळं तोंडात घालते म्हणून मी हे शिकलो, सुदैवाने नुसतं वाचून शिकलो.

मग लोकांचे सल्ले सुरू झाले. एक म्हणाला दोन सेल एकावर एक ठेव. दोन म्हणजे ६ व्होल्ट, बोर्डाची हद्द ५.५, विषय संपला. दुसरा म्हणाला चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लाव, माझी टॉर्च त्यावर चालते. आणि मी शहाणा, रात्री अकराला, लावली. एक सेकंद. आवाज नाही काही नाही, फक्त तो वास. चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला. हा माझा पहिला बोर्ड, म्हणजे जो खराब नव्हता तो, तो असा खराब झाला.

काही शिवायच्या बोर्डांवर रेग्युलेटर असतो आणि त्यांना जास्त व्होल्ट चालतात हे खरं, पण तिथेही हिशोब करा. ९ व्होल्ट आत, ३.३ बाहेर, १०० मिलीअँप ओढले तर (९ - ३.३) × ०.१ म्हणजे ०.५७ वॅट नुसती उष्णता, आणि ती तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमधून, जी तुमच्या छातीवर शिवलेली आहे. टेबलावरच्या प्रोजेक्टमध्ये गरम झालं तर आपण हात काढून घेतो. अंगावरच्या वस्तूपासून अंग कुठे काढून नेणार?

डिसेंबरमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरी आणली, ३.७ व्होल्ट, ४०० मिलीअँप-तास, आगपेटीपेक्षा थोडी बारीक. भरली की ४.२, रिकामी होताना ३ च्या आसपास, म्हणजे बोर्डाच्या हद्दीत बसते. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, तिच्या वायरीच्या टोकाला जो पांढरा दोन पिनांचा जेएसटी प्लग येतो त्यात लाल वायर डावीकडे की उजवीकडे ह्याला कुठलाच पक्का नियम नाही, ज्याने बनवली त्याची मर्जी. प्लग अगदी टकाटक बसतो आणि उलटा असतो. मी लावण्याआधी मीटर लावला, आणि मीटरने उणे दाखवलं, वाचलो. माझा एक धुळ्याचा मित्र, त्यालाही मीच ही बॅटरी सुचवली होती, त्याने लाल वायर बघून विश्वास ठेवला, आणि थोड्या वेळाने धूर निघाल्याचा फोन, "धूर निंघना रे भो."

उलटा निघाला तर वायर कापू नका, निदान दोन्ही वायर एका कात्रीत तर कधीच कापू नका, कात्रीचं पातं म्हणजे शॉर्टच. प्लगच्या बाजूला बारीक प्लास्टिकची जीभ असते, ती सुईने उचला, एक पिन मागे ओढून बाहेर काढा, तिला लगेच टेप, मग दुसरी काढा, जागा बदला, परत मीटर. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा खड्डा चार्जरचा, आणि हा जास्त वाईट, कारण तो लगेच काही दाखवत नाही. बाजारात टीपी४०५६ चं ते निळं छोटं मॉड्यूल मिळतं, स्वस्त आहे, सगळे तेच वापरतात, मीही. ते कारखान्यातून येतं १ अँपवर सेट होऊन. माझी बॅटरी ४०० ची. अशा बॅटरीला निम्म्या दराने म्हणजे २०० मिलीअँपच्या आसपास चार्ज करावं हे बरं, आणि मी तिला १००० ने चारत होतो, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात पंपाने पाणी. चार्ज मस्त लवकर व्हायची, मी आपला खूष. मॉड्यूलवर एक रेझिस्टर असतो, १.२ किलोओमचा, बहुतेकांवर १२२ लिहिलेलं असतं, करंट तो ठरवतो. हिशोब सोपा: १२०० भागिले किलोओम, उत्तर मिलीअँपमध्ये. ५ किलोओम लावला तर सुमारे २४०, १० लावला तर सुमारे १२०. माझ्या बॅटरीला १० चाच बदलून घेतला, रात्रभर नाही तर चार-पाच तास लागतात, लागू द्या. एवढ्या बारीक रेझिस्टरचं (एसएमडी) सोल्डर जमत नसेल तर कुठल्याही मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, दोन मिनिटं लागतात त्याला.

जाकीट चालू ठेवूनच चार्जिंगला लावायचं हेही बंद करा. चार्जर करंट कमी कमी होत गेला की "भरली" समजून थांबतो, आणि तुमचे लाईट करंट ओढतच असले तर त्याला थांबायची वेळ कधी आली ते कळतच नाही. आणि अंगात घालून चार्जिंग, पॉवरबँक खिशात ठेवून वगैरे, नको हो. नकोच.

हे सगळं मी एप्रिलमध्ये शिकलो, कारण तोवर बॅटरी फुगली. आमच्या मोटरच्या खोलीवर पत्रे आहेत, आबा जाकीट तिथेच खुंटीला लावायचे आणि दुपारी लाईट असली की तिथेच चार्जिंग. रावेर-भुसावळकडचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, बाहेर ४५ तर पत्र्याखाली काय असेल. लिथियम बॅटरी चार्ज करायची वरची हद्दच साधारण ४५ अंश असते. आणि त्या टीपी४०५६ चिपला बॅटरीचं तापमान बघायची पिन आहे, पण स्वस्त मॉड्यूलवर ती सरळ मायनसला जोडून टाकलेली असते, म्हणजे डोळ्यावर पट्टी. एक दिवस बॅटरीची खिशी उघडली तर बॅटरी भरिताच्या वांग्यासारखी टम्म. आबा म्हणाले दाबून बसव की आत. मी ओरडलोच.

फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, "हवा काढायची" नाही, चार्ज तर मुळीच नाही. टोकांना टेप लावली, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून त्यात ठेवली, डबा घराबाहेर, आणि पुढच्या शनिवारी जळगावला जाताना ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. घंटागाडीत टाकू नका, ती गाडी कचरा दाबते.

आता मूळ दुखणं, ज्याच्यासाठी शीर्षक दिलंय. नवी बॅटरी, चार्जर नीट, प्लग सरळ. घरी तीन-तीन तास चालवून बघितलं, हलवून बघितलं, आपटून बघितलं, एकदाही बंद नाही. शेतात गेलं की बंद. जानेवारी-फेब्रुवारीत एकदाही नाही, मे लागला आणि रोज. आबा पहाटे येऊन जाकीट माझ्या उशाशी टाकायचे, "काय रे भो, परत बंद पडलं." मी बॅटरी काढून परत लावायचो, चालू. म्हणायचो आबा तुम्ही बटण दाबत असाल. ते म्हणायचे दोन व्हॉल्व्हपर्यंत चालतं, तिसऱ्याला जातं. मी ते ऐकलंच नाही नीट, तिसऱ्या व्हॉल्व्हचा आणि बोर्डाचा काय संबंध.

मी धरून बसलो होतो की उन्हाळा आहे, बोर्ड तापतो. अहो रात्री दीडला कुठला तापतोय बोर्ड, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. बोर्डाला भोकाची डबी केली, बोर्ड पाठीवरून खांद्यावर नेला, कोडमध्ये वेग कमी केला. काही फरक नाही.

सापडलं ते डागामुळे. केळीवाल्यांच्या घरात कपड्यांवर तपकिरी डाग असणारच, केळीचा चीक लागला की तो जन्मात जात नाही, आबांचा एकही सदरा बिनडागाचा नाही. जाकिटाच्या कमरेजवळ, बॅटरीच्या खिशीच्या वर, असाच एक डाग होता, खसखशीएवढा. महिनाभर दिसत होता मला. एके दिवशी बॅटरी लावताना नख लागलं आणि तो डाग कडक लागला. चिकाचा डाग कडक नसतो. खरवडला तर टेरिकॉट वितळून गोळी झालेली. म्हणजे तो भाजल्याचा डाग होता.

त्या जागी दोन गाठी होत्या, बॅटरीच्या प्लसच्या दोऱ्याची एक, मायनसची एक, मधे बोटभर अंतर, आणि गाठ मारून उरलेले शेपटे मी तसेच सोडलेले, अर्धा-पाऊण इंच. सरळ उभं राहिलं की दोन्ही लांब. वाकलं की कमरेला घडी पडते, शेपटे एकमेकांवर, शॉर्ट. आणि तिसरा व्हॉल्व्ह, मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिला, तो खड्ड्यात आहे. पहिले दोन उभ्याने फिरतात, तिसऱ्याला माणूस पूर्ण दुमडतो.

थंडीत का नाही झालं? कारण थंडीत जाकीट स्वेटरवर असायचं, जाड, घडी पडायचीच नाही आणि दोरा कोरडा. मेमध्ये नुसत्या बनियनवर, घामाने ओलं, कापड अंगाला चिकटलेलं, पडलेली घडी पडून राहते. घाम म्हणजे मीठपाणी, आणि मीठपाण्यातून वीज जाते, तेव्हा शेपटे नीट टेकले नाहीत तरी थोडं थोडं गळत राहतं, डेटाच्या, म्हणजे बोर्डाकडून लाईटला हुकूम नेणाऱ्या, दोऱ्यावर भलतेच सिग्नल जातात, लाईट वेडेवाकडे लागतात.

आणि घरी आल्यावर चालू का व्हायचं? बॅटरीच्या डोक्याशी पिवळ्या टेपखाली एक संरक्षणाची पट्टी असते. शॉर्ट झाला की ती बॅटरी तोडते, आणि जोवर पुढचा भार निघत नाही तोवर ती सोडत नाही. आबा सरळ उभे राहिले, शॉर्ट गेला, पण बोर्ड जोडलेलाच, म्हणून ती तशीच अडून बसायची. घरी मी बॅटरी काढायचो, भार गेला, पट्टी मोकळी, परत लावली की चालू. म्हणजे ज्या गोष्टीला मी दोन आठवडे शिव्या घातल्या तिनेच आबांना भाजण्यापासून वाचवलं. संरक्षणाची पट्टी नसलेल्या उघड्या बॅटऱ्याही मिळतात, कपड्यात त्या घेऊ नका, काही रुपयांचा फरक असतो.

खात्री करायची म्हणून मी जाकीट स्वतः घातलं, आईकडून कपडे इस्त्री करायची पाण्याची फुसफुस बाटली घेतली, त्यात मीठ टाकलं, कमरेवर मारलं आणि आरशासमोर उठाबशा. सातवी-आठवी उठाबशी, लाईट गेले. आई दारात उभी होती, काही न बोलता निघून गेली. पण घरी पहिल्यांदा फॉल्ट पकडला गेला! तुमचाही फॉल्ट घरी सापडत नसेल तर वस्तू टेबलावर ठेवून तपासू नका, अंगात घाला, ओली करा, वाका, बसा, गाडीवर बसल्यासारखं करा. फक्त तेव्हा बॅटरी खिशीत नको, लांब वायरीने टेबलावर ठेवा, म्हणजे काही झालं तर झटक्यात उपटता येते.

जाता जाता दोराही मोजला. माझा स्टीलचा दोरा एका फुटाला १० ओमच्या आसपास. कमरेपासून पाठीच्या वरच्या लाईटपर्यंत दोन फूट जायचं, दोन फूट यायचं, झाले ४० ओम. मागच्या चार लाईटना ३० मिलीअँप जरी गेले तरी १.२ व्होल्ट दोऱ्यातच संपले. बॅटरीवर ३.९, मागच्या लाईटवर २.७. म्हणून मागचे लाईट कायम मेलेल्या काजव्यासारखे. तांब्याची वायर समजून हा दोरा वापरला की असं होतं.

तर आता जे केलंय ते. पॉवरचे दोन्ही मार्ग दोऱ्याचे काढून टाकले, मऊ सिलिकॉनच्या बारीक बहुतारी वायरी घातल्या, शिवणीच्या आतून, प्लस उजव्या कुशीतून आणि मायनस डाव्या, म्हणजे भेटायचा प्रश्नच नाही. दोरा फक्त डेटाला आणि बटणाला. प्रत्येक गाठीचा शेपटा अगदी मुळाशी कापून वर नेलपॉलिश, बिनरंगाचं, आतेबहिणीने दिलं. बॅटरीच्या प्लसमध्ये २०० मिलीअँपचा पॉलिफ्यूज, जो तापला की तोडतो आणि थंड झाला की परत जोडतो. उन्हाळ्यात तो लेबलपेक्षा आधीच तुटतो, म्हणून तुमच्या लोडच्या अगदी काठावरचा घेऊ नका, माझा लोड ६० म्हणून २०० घेतला. पहिल्या लाईटच्या प्लस-मायनसवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, लाईट एकदम लागताना जो झटका बसतो तो तो सोसतो.

लाईटचा हिशोब करूनच बॅटरी निवडा, उलटं नको. एक लाईट पूर्ण पांढरा म्हणजे ६० मिलीअँपपर्यंत, आठ म्हणजे ४८०, ४०० ची बॅटरी तासभरही टिकणार नाही. नुसता लाल म्हणजे २०, तो पाव ब्राइटनेसवर म्हणजे ५, आठाचे ४०, बोर्ड आणि लाईट विझलेले असतानाही जे थोडं खातात ते धरून ६०. सहा तास निघतात. ट्रकवाल्याला पाव ब्राइटनेस अंधारात भरपूर दिसतो, मी स्वतः रोडवर दोनशे पावलं लांब जाऊन पाहिलं.

अजून एक, हे फारसं कोणी सांगत नाही. ह्या साध्या लिलिपॅडवर प्रोग्रॅम टाकायला जी यूएसबीची पट्टी लावतो तिचे ५ व्होल्ट बोर्डाच्या त्याच प्लसवर येतात जिथे बॅटरी आहे. दोन्ही एकदम जोडले तर ५ व्होल्ट कुठल्याही चार्जरशिवाय सरळ ४.२ च्या बॅटरीत घुसतात. प्रोग्रॅम टाकताना बॅटरी काढा. आधीच, नंतर नाही.

आणि एवढं सगळं करून शेवटी लिथियम मी आबांच्या जाकिटातून काढूनच टाकली. सगळं नीट होतं, पण पत्र्याची खोली आणि मे महिना ह्यांचं काय करणार, आणि आबा सांगून ऐकणारे नाहीत, "सावलीत चार्ज करा" म्हणलं की हो म्हणतात आणि खुंटीलाच लावतात. आता रिमोटचे बारीक सेल, चार्ज होणारे निकेलवाले, तीन. तीन गुणिले १.२ म्हणजे ३.६, ताजे भरले की ४ च्या आसपास, बोर्डाला चालतं, लाल लाईटला तर चालतंच. जाड होतात, कमरेला थोडं वजन वाटतं, पण फुगत नाहीत, आणि रात्री अडलं तर गावातल्या दुकानातले साधे तीन टाकले तरी ४.५ होतात, हद्दीत. पॉलिफ्यूज मात्र तसाच ठेवला, शॉर्ट झाला तर हेही सेल चांगलेच तापतात. डबी कमरेच्या बाहेरच्या अंगाला, वेल्क्रोवर, अंगाला लागून नाही, ओढली की निघते. धुवायच्या आधी डबी काढायची, वाळल्याशिवाय लावायची नाही, हे आईला सांगितलंय, आबांना नाही.

कोडमध्ये एक गोष्ट टाकली, चिप स्वतःच्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भाशी तुलना करून स्वतःला किती व्होल्ट मिळतायत ते मोजू शकते. ३.३ च्या खाली गेलं की फक्त डाव्या खांद्यावरचा एक लाईट जलद लुकलुकतो. आबांना व्होल्ट समजवायची गरज नाही, डावा खांदा नाचला की सेल बदलायचे.

मुक्ताईनगरच्या पालखीत पहाटे अंधारात चालणाऱ्यांसाठी असंच काही करता येईल का म्हणून आमच्या शेजारच्या नानांनी विचारलंय, त्यांच्या दिंडीत वयस्कर मंडळी बरीच आहेत. लाईटचं काही नाही, पण ते ऐन पावसाचे दिवस असतात आणि माझ्या डबीच्या झाकणातून अजून पाणी जातं. काल बादलीभर पाणी ओतून बघितलं, आत तीन थेंब सापडले. झाकणाला सायकलच्या ट्यूबची रिंग कापून लावतोय, जमलं तर नानांना पाच जाकिटं करून देणार आहे, नाही जमलं तर त्यांना रेट्रो टेपच.